दोन बोटी बघून आलो

आज शिवोलीला शापोरा नदीकाठी दोन जुन्या पाँटून बोटी (ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्यांवर तरंगणाऱ्या) बघितल्या. गुडघ्यामुळे आईला होडीत उतरता येत नाही, पाँटूनचा डेक सपाट, चारी बाजूंनी रेलिंग, जेटीवरून सरळ आत पाऊल टाकायचं, म्हणून तीच हवी.

पहिली दिसायला एकदम मस्त, नवे सोफे, म्युझिक सिस्टीम, पोरं तर चढल्या चढल्या खूश. पण दादाने खाली वाकून ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांवर हात फिरवला तर वेल्डिंगच्या कडेला पांढरी पूड सुटलेली, बारीक खड्डे पडलेले, आणि झिंकचे ॲनोड (ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवणारे तुकडे) झिजून नुसते बोल्ट उरलेले. आपल्या नद्यांत भरतीचं खारं पाणी किती आतपर्यंत येतं, आणि झिंक संपलं की ते पाणी ॲल्युमिनियमच खायला लागतं. डेकचं कार्पेट दाबलं तर खालचं प्लायवूडपण मऊ लागलं, मग माझं मनच उडालं.

दुसरीच्या सीटा फाटलेल्या, रंग उडालेला. पण नळकांडी स्वच्छ, झिंक नवं, फोरस्ट्रोक इंजिन थंड असताना पहिल्याच झटक्यात सुरू, मालक दरवेळी गोड्या पाण्याने इंजिन फ्लश करतो आणि ते दिसत होतं. सीटा काय, म्हापशात शिवून मिळतील.

हीच घ्यायची ठरलंय. आता कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (गोव्याचं बंदर खातं) बोटीचे कागद नावावर करायचे, सगळ्यांना लाईफ जॅकेट, पोरांना त्यांच्या मापाची वेगळी. पाऊस संपेपर्यंत मात्र पाण्यात घालणार नाही. शिवोली-म्हापसा भागात चांगला आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा) मेकॅनिक कुणाला माहीत असेल तर सांगा रे.