आजीच्या लक्ष्मीसाठी घरीच बनवली फ्रेम

आमच्या घरी आजीच्या काळापासून रवि वर्मांची लक्ष्मी होती, देवघराच्या वर. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील चित्रांमुळे चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातल्या आमच्यासारख्या खेड्यातल्या घरातही लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या. मागच्या पावसाळ्यात डाग दिसले म्हणून मी ती फ्रेम उघडली तं कागद काचेला घट्ट चिकटलेला, हळूहळू सोडवतानाच लक्ष्मीच्या चेहऱ्याचा एक पापुद्रा काचेवर राहून गेला. आई काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली.

त्याच चित्राची नवी प्रिंट मागवली, ए-थ्री, म्हणजे २९.७ बाय ४२ सेंटीमीटर. गावाला फ्रेमवाल्याने अकराशे सांगितले आणि प्रिंट काचेला भिडवूनच बसवतो म्हणाला. तेच तर नको होतं न! मग ठरवलं, घरीच करायची.

लाकूड घरचंच. पडवीच्या जुन्या खिडकीच्या सागवानी पट्ट्या पडून होत्या. आमच्या चंद्रपूरचं सागवान २०२३ मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, आणि इथे आपण ते चुलीत घालतो, हे मला पटत नाही. काच-पुठ्ठा बसायला खाच लागते, ती पाडायचं मशीन आपल्याकडे नाही, म्हणून रुंद पट्टीच्या मागे अरुंद पट्टी फेव्हिकॉलने चिकटवली, आतल्या बाजूने ८ मिलिमीटर मागे सरकवून. झाली खाच तयार.

खरी परीक्षा कोपऱ्यांची. पहिल्यांदा मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने ४५ अंशाच्या रेघा मारून हातानेच कापलं, तीन कोपरे कसेबसे जुळले आणि चौथ्यात बोट जाईल एवढी फट. सुतार काकाजी म्हणाले, "बाबू, काप आठ आहेत, दर कापात एक अंश चुकला तं शेवटी आठ अंश होतात." त्यांनी तीन फळ्यांची एक पेटी दिली, तिच्यात करवत जायला ४५ अंशाच्या चिरा पाडलेल्या. आणि एक गोष्ट शिकवली, समोरासमोरच्या दोन पट्ट्या टेपने वेगवेगळ्या मोजायच्या नाहीत, पाठीला पाठ लावून बोटाने टोकं चाचपायची, बोटाला पायरी लागली नाही म्हणजे बरोबर. क्लॅम्प नव्हता तं फ्रेमभोवती सुतळीचे दोन फेरे घालून मधात काडी पिळली, चारही कोपरे एकदम आवळले गेले. मग दोन्ही कर्ण मोजले, ३ मिलिमीटरचा फरक होता, लांब कर्णाकडून दाबून तो काढला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

पॉलिश म्हणून घाण्यावरचं जवसाचं तेल, अगदी पातळ हात, दोनदा. छपाईची शाईही जुन्या काळी जवसाच्याच तेलात घोटायचे, म्हणून मला ते जास्तच आवडलं. मे महिन्याच्या उन्हातही पूर्ण वाळायला आठ दिवस लागले. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात, मी पाण्यात भिजवून दोरीवर पसरवल्या.

आता मुख्य काम. प्रिंट आणि काच यांच्यामध्ये माउंटचा पुठ्ठा, मधात खिडकी कापलेली, म्हणजे कागद काचेला टेकतच नाही. पुठ्ठा शक्यतो अॅसिड-फ्री घ्या, साध्या खोक्याच्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. प्रिंटला सेलोटेप अजिबात लावली नाही. मैद्याची पातळ खळ करून पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांनी फक्त वरच्या कडेला टांगली, बाकी सगळी मोकळी, पावसाळ्यात कागद फुगतो त्याला जागा पाहिजे. याच कारणाने काचही खाचेपेक्षा २ मिलिमीटर लहान कापून आणली होती.

काच, माउंट, हूक धरून २८० रुपये गेले. मागून पातळ प्लायवुड, कडेने कागदाची पट्टी म्हणजे कसर आत शिरत नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे, भिंतीपासून थोडी हवा खेळावी म्हणून. पावसाची झड लागते ती पश्चिमेची भिंत सोडून मधल्या भिंतीवर टांगली. श्रावणात एकदा उतरवून पाहिली, आतून काच कोरडी होती. आईने मागच्या बाजूला पेन्सिलीने आजीचं नाव लिहिलं आणि परत टांगायला लावली.