नंबर व्हेरिफिकेशन आणि सिम स्वॅप एपीआय: कोड एकच, मंजुरी मात्र तीन दारी (माझा अनुभव)

पतसंस्थांच्या मोबाइल ॲपमध्ये टेलिकॉम ऑपरेटरांचे दोन ओपन एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला माहिती विचारण्याची ठरलेली पद्धत) जोडायचे काम माझ्याकडे होते. नंबर व्हेरिफिकेशनने ग्राहकाच्या हातातल्या फोनमध्ये त्याने सांगितलेलाच नंबर चालू आहे का, हे ओटीपी न पाठवता कळते. त्या नंबरचे सिम अलीकडे बदलले आहे का, हे सिम स्वॅपवरून कळते. हे काम आम्ही एका ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे अनेक ऑपरेटरांचे एपीआय एकाच जागी देणाऱ्या मध्यस्थामार्फत, केले आणि आता त्याच्याशी जोडलेल्या तिन्ही ऑपरेटरांवर ते नीट चालते. कोडचा भाग लवकर उरकला. अर्ज मात्र इतका रखडला की त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचा वेळ तिथे जाऊ नये म्हणून सगळे तपशिलात लिहितो.

आधी हे एपीआय सामाईक का हवेत ते सांगतो. जीएसएमए या मोबाइल ऑपरेटरांच्या जागतिक संघटनेने फेब्रुवारी 2023 मध्ये बार्सिलोनाला ओपन गेटवे हा सामाईक एपीआयचा उपक्रम जाहीर केला तेव्हा 21 ऑपरेटर सोबत होते. एपीआयची व्याख्या लिनक्स फाउंडेशनच्या कामारा प्रकल्पात ठरते. सप्टेंबर 2024 मध्ये एरिक्सन आणि 12 मोठ्या ऑपरेटरांनी हे एपीआय जगभर विकण्यासाठी संयुक्त कंपनी जाहीर केली. एकाच ऑपरेटरचा एपीआय कितीही चांगला असला तरी आमच्या कामाचा नाही. पतसंस्थेचे सभासद सगळ्या ऑपरेटरांवर विखुरलेले असतात आणि देशभर नंबर पोर्टेबिलिटी 2011 पासून आहे, त्यामुळे आकड्यांवरून ऑपरेटर ओळखता येत नाही. तिन्हींकडे एकच विनंती, एकच उत्तर आणि एकच एरर कोड मिळाला तरच कुणी त्यावर पैसे खर्च करील.

सँडबॉक्सबद्दल (नुसत्या चाचणीसाठीच्या जागेबद्दल) फार सांगण्यासारखे नाही. ॲपची ओळख पटवणारी की मिळते, चाचणीचे नंबर मिळतात, उत्तरे येतात.

अडकलो ते प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या, अर्जात. ॲग्रिगेटरच्या पोर्टलवर अर्ज एकदाच भरायचा आणि तो तिन्ही ऑपरेटरांकडे जातो. या देवाणघेवाणीसाठी टीएम फोरम या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेची टीएमएफ 931 ही प्रमाणित रचनाही आहे. पण रचना अर्ज पोचवण्यापुरती असते. पोचल्यावर तो वाचणारी माणसे तीन वेगळ्या कायदा विभागांत बसलेली असतात.

पहिला अडथळा ॲपच्या मालक संस्थेच्या पानावर आला. तिथे सीआयएन (कंपनी ओळख क्रमांक) अनिवार्य होता. हा 21 अक्षरांचा क्रमांक कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीला मिळतो. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदलेली असते. तिच्याकडे निबंधकांचे नोंदणी प्रमाणपत्र असते, सीआयएन नसतो आणि पुढेही मिळणार नाही. रकाना रिकामा सोडला तर पुढचे पान उघडत नव्हते. नोंदणी क्रमांक टाकला तर 21 अक्षरे भरत नाहीत म्हणून चूक दाखवत होते. मदत कक्षाने सुचवले की तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा सीआयएन टाका.

हा सल्ला कुणीही ऐकू नये. अर्जात मालक म्हणून सॉफ्टवेअर कंपनीचे नाव गेले की माहितीची कायदेशीर जबाबदारी तिच्या गळ्यात पडते. ॲपमधल्या सूचनेत पतसंस्थेचे नाव आणि अर्जात कंपनीचे, ही विसंगती कायदा विभागाच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय उद्या पतसंस्थेने सॉफ्टवेअर पुरवठादार बदलला तर सगळी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. खरा उपाय असा: ‘कंपनी नसलेली संस्था’ असा प्रकार उघडून द्या, अशी लेखी मागणी करायची. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचा पॅन, संचालक मंडळाचा ठराव आणि अधिकृत सही करणाऱ्याचे पत्र जोडायचे. ठरावात दोन्ही एपीआयची नावे आणि सॉफ्टवेअर कंपनी ही फक्त प्रोसेसर (संस्थेच्या वतीने माहिती हाताळणारी) असल्याचा उल्लेख हवा. ठराव मोघम असला तर परत येतो.

दुसरा अडथळा याहून मोठा होता: वापराचा हेतू आणि कायदेशीर आधार.

हेतूच्या रकान्यात स्वतःच्या शब्दांत काही लिहायचे नसते. कामाराने हेतूंसाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीची डेटा प्रायव्हसी शब्दावली घेतली आहे आणि तिच्यातलाच एक हेतू निवडायचा असतो. आमच्यासाठी योग्य होता तो फसवणूक प्रतिबंध आणि शोध. एका विनंतीत एकच हेतू चालतो. हेतू आणि एपीआय ही जोडी म्हणून मंजूर होते. म्हणजे सिम स्वॅपला फसवणूक प्रतिबंध मंजूर झाला म्हणून नंबर व्हेरिफिकेशनला तो आपोआप मिळत नाही. आणि मंजूर हेतू एक, टोकन (विनंतीसोबत लागणारा तात्पुरता परवाना) मागताना पाठवलेला हेतू दुसरा असे झाले तर विनंती सरळ नाकारली जाते. कोडमध्ये हेतू अक्षरशः अर्जात आहे तसाच लिहा.

इथपर्यंत समजून घेता येते. पण कायदेशीर आधाराच्या यादीत युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यातले पर्याय जसेच्या तसे ठेवले होते: संमती, करार, वैध हितसंबंध वगैरे. युरोपात फसवणूक रोखण्यासाठी वैध हितसंबंध हा आधार सर्रास घेतात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये असा सर्वसाधारण आधार नाही. इथे एक तर संमती, नाही तर कलम 7 मधले ठरावीक वैध वापर. यादीत भारतीय कायद्याचा पर्यायच नव्हता. वैध हितसंबंध निवडला तर एका ऑपरेटरचा कायदा विभाग ‘भारतात हा आधार नाही’ म्हणून अर्ज परत करायचा. संमती निवडली तर दुसरा विचारायचा की संमती कोण घेणार, ऑपरेटर की ॲप, आणि तिची नोंद कुठे राहणार. तिसऱ्याकडून नुसतेच ‘पुनरावलोकनात’ दिसायचे. ॲग्रिगेटर दोन्ही बाजूंना निरोप पोचवायचा, निर्णय मात्र त्याच्या हातात नव्हता. एका अर्जाची तीन वेगळी उत्तरे आली आणि एकाला चालेल असा बदल केला की दुसऱ्याकडचे पुनरावलोकन पहिल्यापासून सुरू व्हायचे.

सामाईक एपीआयचा धंदा इथेच मार खातो, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑपरेटरांनी तांत्रिक व्याख्येवर एकमत केले, पण देशागणिक कायदेशीर आधाराच्या एका पानावर केले नाही. मोठी बँक वकिलांची फौज लावून यातून निघते. लहान पतसंस्था, जिच्या सभासदांना या सुरक्षेची जास्त गरज आहे, ती कंटाळून ओटीपीकडे परत जाते. ज्या ऑपरेटरला एपीआयमधून खरोखर उत्पन्न हवे आहे, त्याने नव्या एपीआयची घोषणा करण्याआधी हे पान दुरुस्त करावे.

गाठ सुटली ती अशी. आम्ही आधार म्हणून संमतीच निवडली आणि ती ॲप घेणार असे लिहून दिले. नंबर व्हेरिफिकेशनमध्ये पडद्यावर काही न दाखवता तपासणी व्हायला हवी, म्हणून विनंतीत प्रॉम्प्ट ‘नन’ (ग्राहकाला काही विचारू नका) पाठवतात. संमती ऑपरेटरच्या पानावर घ्यायची ठरली तर ते पान दाखवताच येत नाही आणि ‘संमती आवश्यक’ अशी एरर येऊन सगळा प्रवाह तुटतो. हे कारण तांत्रिक भाषेत मांडल्यावर दोन कायदा विभागांनी लगेच मान्य केले. अर्जासोबत एक पानाचा आराखडा दिला: ग्राहकाचा नंबर कुठून कुठे जातो, परत फक्त होय किंवा नाही येते, ऑपरेटर आपल्या ग्राहकांच्या माहितीसाठी जबाबदार, पतसंस्था आपल्या सभासदांच्या माहितीसाठी, ॲग्रिगेटर आणि आम्ही प्रोसेसर. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात, तरी कायदा विभाग आत्ताच त्या धरून चालतात. म्हणून ‘अजून लागू नाही’ हा मुद्दा मांडू नका, त्याने काम अडतेच.

संमतीची सूचना आम्ही मराठीत केली होती, कारण कायदा ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत उपलब्ध करायला सांगतो. आमचा मजकूर होता: ‘आपल्या खात्याच्या सुरक्षेसाठी, आपला मोबाइल नंबर या फोनमध्ये चालू आहे का आणि त्याचे सिम अलीकडे बदलले आहे का, हे आम्ही आपल्या मोबाइल कंपनीकडून तपासू. ही संमती आपण सेटिंग्जमधून केव्हाही मागे घेऊ शकता.’ मराठी सूचना पोर्टलवर चढली, पण वाचणाऱ्यांना ती वाचता आली नाही. म्हणून सहीशिक्क्यासह इंग्रजी भाषांतर सुरुवातीलाच जोडा. संमती मागे घेतल्यावर ॲप काय करेल, हेही त्याच कागदावर लिहा. तो प्रश्न हमखास येतो.

तिन्ही मंजुऱ्या आल्या तेव्हा हायसे वाटले. आता कोडमधल्या गोष्टी, आठवतील तशा.

नंबर व्हेरिफिकेशनची पहिली विनंती फोनमधून आणि मोबाइल डेटावरूनच जायला हवी, कारण ऑपरेटर आपल्याच नेटवर्कच्या जोडणीवरून नंबर ओळखतो. सर्व्हरवरून पाठवली किंवा वायफायवरून गेली तर 403 ही नकाराची एरर येते. वायफाय चालू असतानाही ही एक विनंती मोबाइल डेटावर ढकलता येते. अँड्रॉइडमध्ये सेल्युलर नेटवर्क मागून घ्यायचे, आयओएसमध्ये जोडणीला सेल्युलर इंटरफेस सक्तीचा करायचा. पुनर्निर्देशनाची (एका पत्त्यावरून पुढच्या पत्त्यावर पाठवण्याची) सगळी साखळी त्याच जोडणीवरून गेली पाहिजे. मधला एक टप्पा जरी वायफायवर घसरला तरी ओळख हरवते. व्हीपीएन चालू असेल तरीही तेच. साखळीत ऑपरेटरचा एखादा साध्या एचटीटीपीवरचा पत्ता असेल तर अँड्रॉइड 9 पासून तो मुळातच अडवला जातो. ऑपरेटरकडून नेमके डोमेन लेखी मागा आणि तेवढ्यापुरतीच परवानगी द्या, सरसकट देऊ नका.

दोन सिमचे फोन ही इथली मोठी अडचण आहे. तपासणी होते ती डेटा चालू असलेल्या सिमची. सभासदाचा नंबर दुसऱ्या सिमवर असेल तर उत्तर ‘नाही’ येते आणि त्यात फसवणूक काहीच नसते. ‘नोंदवलेल्या नंबरच्या सिमवर मोबाइल डेटा सुरू करा’ अशी सूचना द्या, पुन्हा एकदा तपासा आणि मगच ओटीपीकडे जा.

सिम स्वॅपला हे बंधन नाही, ती विनंती सर्व्हरवरून जाते. टोकन मागताना नंबर +91 सकट पाठवायचा असतो. फॉर्म स्वरूपात अधिकचे चिन्ह एन्कोड केले नाही (%2B असे लिहिले नाही) तर त्याची रिकामी जागा होते आणि ‘नंबर सापडला नाही’ असे उत्तर येते. फार वेळ खाणारी पण पूर्ण टाळता येणारी चूक आहे ही.

किती तासांतला बदल तपासायचा तो आकडा आपण पाठवतो. 1 ते 2400 चालतो, न दिल्यास 240 धरला जातो. भारतात 24 ठेवून फारसा उपयोग नाही. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवण्याची दूरसंचार विभागाची सूचना आहेच. फसवणारा एक दिवस थांबतो आणि मग हालचाल करतो. आम्ही 168 ठेवला. अर्थात ‘बदलले’ असे उत्तर आले की खाते बंद करायचे नाही. सिम हरवते, खराब होते, लोक ई-सिमवर जातात. नवा लाभार्थी जोडणे आणि मोठी रक्कम पाठवणे तेवढे रोखून ठेवायचे आणि शाखेतून फोन करायचा. बदलाची तारीख मागणारी दुसरी विनंतीही आहे, पण तारीख रिकामी आली म्हणजे सिम कधीच बदलले नाही असे नव्हे. ऑपरेटर ठरावीक काळाचीच नोंद देतो.

आवृत्त्यांकडे लक्ष ठेवा. कामाराचे प्रकाशन वर्षातून दोनदा होते आणि सगळे ऑपरेटर एकाच वेळी पुढे सरकत नाहीत. नव्या आवृत्तीत टोकनमधूनच नंबर कळत असेल तर विनंतीत तो पुन्हा पाठवल्यास 422 ही एरर येते. जुन्या आवृत्तीत काही ठिकाणी तो लागायचाच. हा फरक ॲग्रिगेटर झाकून देणार का, हे आधी विचारा. देणार नसेल तर त्याला पैसे कशाचे द्यायचे?

आणि दराची बोलणी एसएमएसच्या दराशी तुलना करून करू नका. देशांतर्गत ओटीपी काही पैशांत जातो, त्या किमतीशी नंबर व्हेरिफिकेशनची स्पर्धा होत नाही. त्याची किंमत वाचलेल्या फसवणुकीत आणि ओटीपीची वाट पाहत नोंदणी अर्धवट सोडणाऱ्या सभासदांत मोजा. सिम स्वॅप प्रत्येक लॉगिनला मारू नका. फोन बदलला, लाभार्थी नवा किंवा रक्कम मोठी, अशा वेळीच विचारा. करारावर सही करण्याआधी एकच ओळ तपासा: 403, 404 आणि 422 अशा एरर आलेल्या विनंत्यांचे पैसे लागतात का. आमच्या मसुद्यात ‘प्रत्येक विनंती’ असे होते. ते बदलून आम्ही ‘होय किंवा नाही असे उत्तर मिळालेली प्रत्येक विनंती’ असे करून घेतले, आणि दोन सिमच्या फोनमुळे परत कराव्या लागणाऱ्या तपासणीसाठी वेगळा, कमी दर मागून घेतला.