मारुती ८०० मध्ये टर्बो इंजिन: माझा अनुभव

१९८७ साली सुझुकीने जपानमध्ये आल्टो वर्क्स आणली. ५४३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि ६४ पीएस, म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती, ताकद. या गाडीचा फोटो दाखवला तर आपल्याकडचं पोरसुद्धा "ही तर मारुती" म्हणेल, कारण १९८६ नंतरची आपली ८०० त्याच पिढीच्या आल्टोवर बेतलेली. आपल्या वाट्याला मात्र कार्ब्युरेटरवालं ७९६ सीसीचं एफ८बी आलं, ३७ अश्वशक्तीचं. ते इंजिन गरीब आहे पण गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही या हलक्याफुलक्या गाडीला टर्बो शोभतो, हे सुझुकीनेच दाखवून दिलं होतं, आणि ते मला स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं.

बऱ्याच जणांनी सुझुकीचं आजकालचं टर्बो इंजिन, बूस्टरजेट, टाक असं सुचवलं. इंजिन उत्तमच, पण ८०० ला ते सगळ्याच बाजूंनी परकं. माउंटिंग वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, वायरिंग तर विचारूच नका. मी सुझुकीचंच जुनं एफ६ए टर्बो निवडलं. ६५७ सीसी, ६४ पीएस, आणि एफ८बीच्याच घराण्यातलं. इंजिन घराण्यातलं असलं की चासीचा पत्रा फारसा कापावा लागत नाही, हे माझं पक्कं मत.

कायद्याचं आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे ही गाडी मी रस्त्यावर काढत नाही. मळ्यातल्या आमच्या खासगी वाटेवर चाचणी घेतो आणि बंदिस्त ट्रॅकवर न्यायची तर टेम्पोत चढवून नेणार. रोजच्या वापराच्या गाडीत हे करायचं मनात असेल तर करू नका.

इंजिन कुर्ल्याहून आलं, गिअरबॉक्स आणि वायरिंगसकट. जुनं टर्बो इंजिन घेताना नुसतं सुरू करून बघणं पुरेसं नाही. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. टर्बोचं चाक बोटाने पुढेमागे ढकलून बघा. आडवा किंचित खेळ चालतो, पण लांबीच्या दिशेने तो हाताला जाणवला तर ते टर्बो सोडून द्या. आणि आयातीची कागदपत्रं मागा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि सगळे ऑइल सील मी बसवण्याआधीच बदलले, नंतर तिथे हात जात नाही.

गिअरबॉक्स जपानी आणि चाकाकडचे हब ८०० चे, त्यामुळे एक्सल जुळेनात. दोन एक्सल कापून वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटले. फिरणाऱ्या, पीळ खाणाऱ्या दांड्यावर वेल्डिंग मला मान्य नव्हतं. आतला सांधा जपानी, बाहेरचा ८०० चा आणि मधला दांडा ईएन २४ पोलादाचा नवा करायचा ठरलं. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या लेथवाल्या काकांनी तो करून दिला, टोकांना स्प्लाइन (सांध्यात अडकणाऱ्या लांबट खाचा) कापून, मग हार्डनिंग-टेम्परिंग करून. असलं एकच नग काम कुणी हातात घेत नाही, काकांनी घेतलं.

खरा कस लागला तो टर्बोच्या तेलात. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. इंजिनासोबत आलेला तेलाचा परतीचा पाईप चेपलेला होता. नवा वाकवायला मी नकाशा घेऊन गेलो, तर काकांनी तो बाजूला ठेवला.

"तेल वर जाताना दाबानं जातंय. परत येताना त्याला कोण ढकलतंय का, सांग बघू?"

"कोणी नाही काका."

"मग? आपल्या वजनानं उतरायचंय त्येला. पाईप मोठा घे, सरळ खाली सोड, एक बी खोलगट वळण नको. आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरात पातळीच्या वर जोड. खाली जोडलास तर तेल तुंबणार आणि सीलातनं गळून सायलेन्सरमधनं निळा धूर काढणार."

तसाच केला. अजून निळा धूर बघितलेला नाही.

दुसरी लढाई उष्णतेची. पूर्ण दमात टर्बोत शिरणारा एक्झॉस्ट आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापतो, आणि ८०० च्या बॉनेटखाली जागा किती ते सगळ्यांना माहीत आहे. मूळ पंखा टर्बोला टेकत होता म्हणून पातळ इलेक्ट्रिक पंखा घेतला, टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाईपला, म्हणजे डाउनपाईपला, उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, टर्बोवर पत्र्याचं कवच बसवलं. हवेचंही तेच. सांगलीच्या मे महिन्यात चाळीस अंशांची हवा टर्बोने पाऊण बारपर्यंत दाबली की ती शंभर अंशांच्या वर जाते. इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल वेळेआधी पेटतं, नॉकिंग होतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. म्हणून ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर मी पैसे वाचवले नाहीत. तो पुढच्या बंपरमागे थेट वाऱ्यात बसवला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कंपनीने ठेवला तेवढाच राहू दिला. "अजून थोडा वाढव की" म्हणणारे रोज भेटतात. चाळीस अंशांत मी वाढवणार नाही.

पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्टरला अडीच-तीन बार दाब लागतो, त्यामुळे नवा पंप आणि परतीची लाइन आली. टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. नेमका त्या क्षणी बूस्ट असेल तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन वितळू शकतो. त्यासाठी मध्ये कायम भरलेली राहणारी छोटी सर्ज टाकी ठेवली. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. ते जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीनच होतं आणि तेव्हाचं जपानी कंट्रोल युनिट ते गृहीत धरत नाही. एक्झॉस्टवरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावून, पेट्रोलचं प्रेशर किंचित वाढवून ते जुळवलं. हा मीटर लावल्याशिवाय टर्बो गाडी दमात चालवू नये.

वायरिंगचं काम मिरजेच्या एका तरुण इलेक्ट्रिशियनने केलं. प्रत्येक वायरला लेबल लावून, घाई न करता. त्याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, कारण काही बिघडलंच नाही, आणि याहून मोठं कौतुक मला सुचत नाही.

साडेसहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला पावणेदोनपट ताकद. तीन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो भरला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बूस्ट आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला. त्यातला मोठा वाटा ब्रेकचा, आणि तो मी आधी केला. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क बसवल्या, त्यामुळे बारा इंची चाकं जाऊन तेरा इंची आली. मागे अजून ड्रमच आहेत. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं लॉक होऊ बघतात, म्हणून मागच्या लाइनला ब्रेकचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवणं चालू आहे. तो नीट जुळेपर्यंत गाडी ट्रॅकवर न्यायची नाही, असं काकांनी बजावलंय.