स्वारगेट ते मळवली: आधी लोकल ठरवा, मग मेट्रो

पुण्याहून भाजे लेण्यांना जायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो, गाडी कुणाची घ्यायची. गाडी लागतच नाही. स्वारगेटला मेट्रोत बसायचं, शिवाजीनगरला उतरून लोकल धरायची, मळवलीला उतरून चालत लेण्यांच्या पायथ्याशी जायचं. टोल नाही, पार्किंग नाही, आणि रविवारी लोणावळ्याच्या अलीकडे लागणारी वाहनांची रांग रेल्वेच्या खिडकीतून नुसती बघायची. हा प्रवास स्वस्त आहे आणि सोपा आहे. पण त्यात दोन यंत्रणा आहेत, दोघींचं तिकीट वेगळं आहे, आणि माणसं अडकतात ती नेमकी त्या सांध्यावर.

सगळ्यात आधी क्रम उलटा करा. घरातून किती वाजता निघायचं, इथून सुरुवात करायची नाही. लोकल किती वाजता आहे, इथून करायची. मेट्रो दर सात-दहा मिनिटांनी येते, एखादी चुकली तर बिघडत नाही. पुणे-लोणावळा लोकलचं तसं नाही. दोन गाड्यांत तास, कधी त्याहून जास्त अंतर असतं, आणि दुपारी तर मोठी पोकळी असते, कारण रुळांच्या देखभालीचा ब्लॉक त्याच वेळात घेतला जातो. मुंबईच्या सवयीने ‘येईल की पुढची’ म्हणून फलाटावर उभं राहिलात तर अख्खी दुपार तिथेच जाईल. म्हणून जातानाची सकाळची गाडी आणि येतानाची संध्याकाळची गाडी, दोन्हींच्या वेळा आदल्या रात्री पक्क्या करा. सुटीच्या दिवशी मेगाब्लॉक आहे का, हेही तेव्हाच बघा. मग त्या वेळेतून मागे मोजत या: शिवाजीनगरच्या फलाटावर दहा मिनिटं आधी, मेट्रोतून वर येऊन चालायला दहा मिनिटं, मेट्रोचा प्रवास दहा मिनिटं, स्वारगेटला खाली उतरणं, बॅग तपासणी आणि गाडीची वाट मिळून पंधरा. म्हणजे लोकलच्या पाऊण तास आधी स्वारगेटच्या मेट्रो स्टेशनच्या दारात.

आता कार्ड. पुणे मेट्रोचं ‘वन पुणे कार्ड’ हे एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे. २०१९ मध्ये देशभर सुरू झालेली ही रुपे कार्डाची योजना. कल्पना अशी की एका शहराचं कार्ड दुसऱ्या शहरातल्या, ही पद्धत स्वीकारणाऱ्या मेट्रोतही चालावं. कार्ड स्टेशनवरच्या खिडकीवर मिळतं, मोबाइल नंबर आणि केवायसी लागते. मेट्रोचं भाडं कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ३५ रुपये. कार्डधारकाला आठवड्याच्या दिवसांत १० टक्के सूट मिळते. शनिवार-रविवारी ३० टक्के सूट सगळ्यांनाच असते. त्यामुळे फक्त रविवारी मेट्रोने फिरणाऱ्याने कार्डाच्या मागे लागायची गरज नाही, क्यूआर तिकीट पुरे. रोज जाणाऱ्याला मात्र कार्ड हवंच. सूट तर आहेच, शिवाय फोन काढा, ॲप उघडा, क्यूआर येईपर्यंत गेटसमोर थांबा, मागची रांग अडवा, हे सगळं वाचतं.

या कार्डाची एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. गेटवर जे पैसे कापले जातात ते बँकेच्या खात्यातून नाही, कार्डावरच्या चिपमध्ये साठवलेल्या शिलकीतून. गेट बँकेला विचारत बसत नाही, म्हणून तर ते क्षणात उघडतं. पण याच कारणामुळे घरी बसून फोनवरून भरलेले पैसे आपोआप चिपमध्ये जात नाहीत. ते खात्याच्या बाजूला येऊन थांबतात. स्टेशनवरच्या खिडकीत किंवा यंत्रावर कार्ड एकदा लावून शिल्लक ‘अपडेट’ करून घेतली की मग ते चिपमध्ये उतरतात. ‘मी तर काल रात्रीच २०० रुपये टाकले, मेसेजही आला, तरी गेट लाल का दाखवतंय?’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. पैसे गेलेले नसतात, फक्त चिपपर्यंत पोचलेले नसतात. घाईच्या दिवशी खिडकीवर रोख किंवा यूपीआयने थेट कार्डात भरून घेणं सगळ्यात बिनघोर.

चिपमध्ये २००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, पण तेवढे ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गेटवर पिन विचारत नाहीत, म्हणजे हरवलेलं कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याला ते वापरता येतं, आणि चिपमधली शिल्लक परत मिळेल असं धरून चालता येत नाही. दोनशे-तीनशे पुष्कळ झाले. दुसऱ्या बाजूला, ७० रुपयांच्या खाली मात्र जाऊ देऊ नका. जास्तीत जास्त भाडं ३५ धरलं तर जाऊन-येऊन तेवढंच होतं.

दुसरा घोळ पाकिटाचा. हल्ली बऱ्याच बँकांची रुपे डेबिट कार्डंही एनसीएमसी असतात. अख्खं पाकीट गेटला लावलं की तिथल्या वाचकाला, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राला, दोन कार्डं दिसतात. कधी तो काहीच वाचत नाही, आणि कधी आत जाताना एक कार्ड वाचतो, बाहेर पडताना दुसरं. दुसऱ्या कार्डावर प्रवेशाची नोंदच नसते, त्यामुळे गेट उघडत नाही. पहिल्यावर प्रवेश अर्धा राहिलेला असतो, त्यामुळे पुढच्या वेळी तेही अडतं. असं झालं तर गेटवरून उडी मारायची नाही आणि मागच्याच्या पाठोपाठ घुसायचं नाही. शेजारच्या ग्राहक सेवा खिडकीवर दोन्ही कार्डं द्या, तिथे नोंद दुरुस्त होते. आणि कार्ड पाकिटातून बाहेर काढूनच लावा. वाचकावर सपाट टेकवा, हिरवा बाण येईपर्यंत हलवू नका. ओवाळल्यासारखं पुढे-मागे फिरवलं की वाचन अर्धवट होतं. एका कार्डावर एकच माणूस, हेही लक्षात ठेवा. चौघं असाल तर चार कार्डं, नाहीतर चौघांचं क्यूआर तिकीट.

स्वारगेटहून शिवाजीनगरला जाताना मंडई, कसबा पेठ आणि सिव्हिल कोर्ट (जिल्हा न्यायालय) ही तीन स्टेशनं लागतात आणि हा सगळा भाग भुयारी आहे. त्यातला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि पेठांमधल्या माणसाचं रेल्वेशी नातंच बदललं. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला मार्ग बदलायचा. ती मार्गिका वर खांबांवर आहे आणि ही जमिनीखाली सुमारे ३३ मीटर, त्यामुळे सरकत्या जिन्यांची लांबलचक उतरंड आहे. नवख्या माणसाने त्याला पाच-सात मिनिटं धरावीत. गेटबाहेर पडायचं नाही, पुन्हा कार्ड लावायचं नाही. पुणे स्टेशनहूनच लोकल धरायची असेल तर वनाज-रामवाडी मार्गिकेवर पुणे रेल्वे स्टेशनचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून पादचारी पूल आहे.

माझा कल तरी शिवाजीनगरकडे. मेट्रो स्टेशन जुन्या एसटी स्टँडच्या जागी आहे आणि रेल्वे स्टेशन अगदी लागून. शिवाय काही लोकल शिवाजीनगरहूनच सुटतात, त्यांत खिडकी मिळते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: मेट्रोचं कार्ड लोकलला चालत नाही. लोकल ही मध्य रेल्वेची, तिचं तिकीट वेगळं. खिडकीवर, एटीव्हीएम म्हणजे स्वयंचलित तिकीट यंत्रावर किंवा रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपवर ते मिळतं. पुणे ते लोणावळा सुमारे ६४ किलोमीटर आणि लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये. मळवली त्याच्या एकच स्टेशन आधी. रविवारी सकाळी खिडकीवर ट्रेकवाल्यांची रांग असते, म्हणून ॲप बरं. पण त्याचा नियम समजून घ्या. कागदविरहित तिकीट जीपीएस बघून मिळतं आणि रुळांच्या अगदी जवळ किंवा गाडीत असताना काढता येत नाही. टीसी दिसल्यावर तिकीट काढण्याची पळवाट बंद करण्यासाठी हे केलेलं आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तिकीट मेट्रोच्या जिन्याबाहेर आल्या आल्या, मोकळ्या आकाशाखाली काढा. भुयारात जीपीएस धड लागत नाही, फलाटावर ॲप नकार देतं. मधली चालण्याची पाच मिनिटं हीच खरी जागा. विसरलात तर स्टेशनात लावलेला क्यूआर फलक शोधा, तो स्कॅन करून आतही तिकीट निघतं. असं कागदविरहित तिकीट रद्द होत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि फोन बंद पडला तर तिकीट नाही असंच धरलं जातं. दिवसभर फोटो काढणार असाल तर येतानाचं तिकीट खिडकीवरचं कागदी घ्या.

लोकलचं तिकीट लोकललाच. फलाटावर लोकलच्या आधी एखादी मुंबईकडची एक्सप्रेस लागते, मोकळी दिसते, आणि ‘लोणावळ्याला थांबतेच की’ म्हणून लोक चढतात. साध्या गाडीचं तिकीट तिथे चालत नाही. पकडलं तर भाडं आणि वर कमीत कमी २५० रुपये दंड. मळवलीला बहुतेक एक्सप्रेस थांबतही नाहीत. दुसरं, गाडीवरची पाटी वाचा. काही लोकल तळेगावपर्यंतच जातात, आणि तिथे उतरून पुढच्या लोकलची वाट बघणं म्हणजे सकाळ गेली. स्टोव्ह आणि गॅसचा कॅन घेऊन निघणाऱ्यांनी तो घरी ठेवावा. ज्वलनशील वस्तू मेट्रोतही बंद आणि रेल्वेतही.

डाव्या बाजूची खिडकी धरा. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डीपर्यंत गाडी नोकरदारांची असते, चढ-उतार जोरात. देहूरोडला दरवेळी कुणीतरी देहू समजून उतरतं; देहू गाव तिथून काही किलोमीटर आत आहे, पुढे बस किंवा रिक्षा लागते. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव झालं की डबा मोकळा होतो आणि वारा बदलतो. वडगाव, कान्हे, कामशेत. पावसाळ्यात इथे रुळांच्या कडेला भाताची खाचरं भरलेली असतात, बांधावर बगळे, आणि डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन लावणी करणारी माणसं. कामशेतच्या पुढे डावीकडे विसापूरचा लांब सपाट माथा ढगातून वर येतो आणि त्याच्या मागून लोहगड. खिडकी डावीकडची धरायची ती एवढ्यासाठी.

मळवलीला उतरून डाव्या हाताला, म्हणजे किल्ल्यांच्या बाजूला निघा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. पायथ्यापर्यंत अर्धा तास पुरतो, मग पायऱ्या. इथली २२ लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदलेली आहेत. १४ स्तूपांचा समूह घाईत सुटतो, तो चुकवू नका. कार्ले मळवलीच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या महामार्गापलीकडे. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी कमानी अजून आहेत. दोन्ही एका दिवसात होतात, पण मधल्या टप्प्याला रिक्षा करावी लागते आणि परतीची लोकल डोळ्यांसमोर ठेवूनच बेत आखावा लागतो.

परतीला रविवारची संध्याकाळ जड जाते. पुण्याकडची लोकल लोणावळ्यालाच भरते; पावसाळ्यात मळवलीला दारात पाय ठेवायला जागा नसते, आणि लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्या गर्दीत चढूच नये. त्याऐवजी आधीच्या लोणावळ्याकडच्या लोकलने एक स्टेशन उलटं जा आणि तिथून बसून या. मात्र मळवली-लोणावळा आणि लोणावळा-शिवाजीनगर अशी दोन वेगळी तिकिटं काढा. मळवली-शिवाजीनगर तिकिटावर उलट्या दिशेचा प्रवास धरला जात नाही.

पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्यांनी शिवाजीनगरपर्यंत यायचं कारण नाही. कासारवाडीला उतरलं की नाशिक फाटा मेट्रो स्टेशन जवळ आहे. आधी त्याचं नाव भोसरी होतं, त्यामुळे जुन्या नकाशात ते नाव दिसलं तर गोंधळू नका, भोसरी गाव तिथून लांब आहे. शिवाजीनगरला उतरून स्वारगेटकडे जाणाऱ्यांना मेट्रो रात्री ११ पर्यंत मिळते. स्वारगेटहून पुढे पीएमपीची बस असेल तर तिचं तिकीट पुन्हा निराळं: १ जून २०२५ पासून पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, वाहकाकडे यूपीआय चालतं. त्या रात्रीपुरते पाच-सहा टक्के चार्जिंग तेवढं फोनमध्ये राखून ठेवा, किंवा खिशात दहाची एक नोट.