घंटाघरच्या पायऱ्या

अमृतसरला गेलो ते खरं तर आईच्या घुमानसाठी. नामदेव महाराज पंजाबात जिथे राहिले ते गाव एकदा पाहायचं, हे तिचं फार जुनं. मे महिन्यात तिकडे म्हणजे भट्टी, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण माझ्या शाळेला सुट्टी तेव्हाच. मुंबई सेंट्रलहून गोल्डन टेम्पल मेल घेतली (आई अजून तिला फ्रंटियर मेलच म्हणते) आणि दुसऱ्या रात्री उशिरा अमृतसरला उतरलो.

पहाटे पाचला दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात. जोडाघरात चपला दिल्या, वाहत्या पाण्यातून पाय धुऊन निघालो. आईने पदर घेतला, मी ओढणी. आपल्याकडे देवाला बहुधा चढून जायचं असतं. इथे घंटाघरच्या कमानीतून पायऱ्या उतरून जायचं. उतरता उतरता एकदम सरोवर दिसतं, आणि त्यात ते सोनं. माझ्या पुढचा माणूस वाकला, पायरीला हात लावून कपाळाला लावला. आईनेही लावला. "नामदेव पायरीच की गं ही," म्हणाली. पंढरपूरला ती त्या पायरीवर कधी पाय देत नाही, ओलांडून जाते. इथे ओलांडणार कसं? सगळ्याच पायऱ्या.

मी मात्र तिथे उभी राहिले ती वेगळ्याच कारणाने. ५ जून १९८४ च्या रात्री, आत ठाण मांडलेल्या जर्नैलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांच्या सशस्त्र साथीदारांना हुसकावायला, सैन्य याच बाजूने आत शिरलं. ऑपरेशन ब्लू स्टार. पुढे १० गार्ड्स आणि १ पॅरा या पलटणी. आतल्या मोर्चेबंदीची आखणी केली होती माजी मेजर जनरल शाबेग सिंग यांनी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला शिकवणारा हाच माणूस. त्यांनी मशीनगन जमिनीलगत, फरशीच्या वर वीतभर अंतरावर लावून घेतल्या होत्या. त्यामुळे कित्येक जवानांच्या आधी पायांनाच गोळ्या लागल्या. बाहेरून हल्ल्याची सूत्रं हलवणारे मेजर जनरल कुलदीप सिंग ब्रारही शीखच. हरमंदिर साहिबवर, म्हणजे सरोवरातल्या त्या सोन्याच्या मंदिरावर, गोळी झाडायची नाही, असा हुकूम होता.

त्याच्या वर्षभर आधी, २५ एप्रिल १९८३ ला, पोलिस अधिकारी ए. एस. अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडताना मुख्य दरवाजाच्या पायऱ्यांवरच मारले गेले. हातात प्रसाद होता. मृतदेह कितीतरी वेळ तिथेच पडून राहिला, उचलायला कुणी धजेना. भिंद्रनवाले यांच्या लोकांनी गुरूच्या घराचा किल्ला केला होता, हे माझ्या मते नाकारता येत नाही. पण सरकारने वेळ कुठली निवडली, हेही मला आजवर पचलेलं नाही. ३ जूनला गुरू अर्जन देव यांचा शहीदी दिवस होता. खेड्यापाड्यांतून हजारो लोक आले होते, बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. त्यातच पंजाबभर संचारबंदी लागली. रेल्वे, बस, टेलिफोन बंद, पत्रकार राज्याबाहेर. आत आलेले आतच राहिले.

गुरू अर्जन देवांना १६०६ मध्ये लाहोरला ऐन उन्हाळ्यात तापल्या तव्यावर बसवून हाल करून मारलं, असं शीख परंपरा सांगते. म्हणून त्यांच्या दिवशी रस्तोरस्ती छबील लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थंडगार गोड दुधाचं सरबत देतात. १९८४ मध्ये त्याच दिवसासाठी आलेली माणसं वीज-पाणी तोडलेल्या खोल्यांतून तहानेने व्याकूळ होऊन पडली होती.

नऊच्या आत संगमरवर तापायला लागला. परिक्रमेत काथ्याची जाजमं अंथरून त्यांवर पाणी मारतात, त्यावरून आई पावलं मोजत चालली होती. अकाल तख्तासमोर आम्ही बसलो. शिखांच्या पाच तख्तांतलं, म्हणजे धर्मपीठांतलं, हे पहिलं. एक आपल्या नांदेडला आहे, हे आईला ठाऊक होतं. विजयंता रणगाडे परिक्रमेत आणून यावर तोफा डागल्या, हे ठाऊक नव्हतं. "हे तर नवं कोरं दिसतंय," ती म्हणाली. नवंच आहे, आणि दोनदा बांधलेलं. सरकारने घाईघाईने दुरुस्त करून दिलं, पण संगतीला, म्हणजे शीख भाविकांना, ते आपलं वाटेना. गुरूचं घर कारसेवेने, आपल्या हाताने बांधायचं असतं. १९८६ मध्ये त्यांनी ते चांगलं उभं असलेलं काम पाडायला घेतलं आणि पुन्हा पायापासून उभारलं. मला या सगळ्या हकिकतीत सर्वात जास्त हेच समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं.

सरकारी श्वेतपत्रिकेत ८३ जवान आणि ४९३ इतर मेले, असा आकडा आहे. या ४९३ मध्ये नागरिक आणि दहशतवादी एकाच रकान्यात घातलेत. कोण बंदूक घेऊन आलेलं आणि कोण पोर घेऊन, ते त्यावरून कळत नाही. शीख संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. पुढे ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या, आणि मग दिल्ली. तिथे सरकारी हिशेबानेच २,७३३ शीख मारले गेले.

आणि पुणे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य मूळचे अलिबागचे, दोनदा महावीरचक्र मिळालेले, निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले. १० ऑगस्ट १९८६, रविवार. मी चौथीत होते. कॅम्पात भरदिवसा त्यांना गाडीतच गोळ्या घातल्या. त्या संध्याकाळी चाळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढं लख्ख आठवतं. मारेकरी सुखदेव सिंग सुक्खा आणि हरजिंदर सिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात फाशी झाली. इथे अमृतसरला ते शहीद आहेत. गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी समितीने त्यांच्या नातेवाइकांचा सत्कारही केला आहे. हे वाचून माहीत होतं, तरी परिक्रमेत चालताना पोटात खड्डा पडलाच.

परत निघताना छबिलीवर थांबलो. स्टीलच्या चकचकीत वाट्यांतून पाणी मिळतं, रिकाम्या वाट्या लगेच दुसरे सेवेकरी घासायला घेतात. वाटी देणारे बाबाजी सत्तरीपुढचे असतील. "कित्थों आए हो?"

"पूना," आई म्हणाली.

त्यांचा हात जरा थांबला. "पूना... सुक्खा, जिंदा. येरवडा."

"हां," आई म्हणाली, "और वैद्यसाहब."

मी मनात म्हटलं, आता काय होतंय. बाबाजींनी तिच्याकडे पाहिलं, वाटी परत भरली. "जल छको, माताजी." तिने प्यायली. मागून लोक रेटत होते, आम्ही पुढे झालो.

पायऱ्या चढताना तिचा गुडघा धरला. मध्येच बसायला लागली तर एका भालेवाल्या सेवादाराने खूण केली, इथे नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक चढली. वर पोचल्यावर घड्याळ पाहिलं, साडेदहा. घुमानची गाडी अकराला ठरवलेली. त्याबद्दल पुढच्या वेळी.