पेडेस्टलच्या चाव्या

गेल्या आठवड्यात तुर्भ्याचा भंगारवाला आला आणि आमच्या फ्लोअरवरची सगळी पेडेस्टल्स दोन टेम्पोत भरून घेऊन गेला. पेडेस्टल म्हणजे डेस्कखाली चाकांवर तीन खणांचं लोखंडी कपाट असतं ना, ते. वरचे दोन खण छोटे, खालचा फायलींचा मोठा, एक चावी फिरवली की तिन्ही बंद. किलोवर गेली. मी गेट पासवर सही केली, वर आलो आणि का कोण जाणे, दुपारचा चहा काही घशाखाली उतरेना.

आता हे काय लिहायची गोष्ट आहे का, असं वाटेल. पण २०२२ च्या गुढीपाडव्याला मास्क ऐच्छिक झाला, कोरोनाचे निर्बंध उठले आणि तेव्हापासून ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकलमध्ये सगळीकडे एकच चर्चा, वर्क फ्रॉम होम चांगलं का ऑफिस. एक बाजू म्हणते घरून काम जास्त होतं, प्रवास वाचतो, दुसरी म्हणते टीम बाँडिंग, कल्चर वगैरे. मला कोणी विचारलं नाही. मी अ‍ॅडमिनला आहे, ऐरोलीच्या एका आयटी पार्कात. एसी गार झालाय, एसी गरम झालाय, टिश्यू संपलेत, कॅब आली नाही, ही तुमची मेल ज्याच्याकडे जाते तो मी. मला वर्क फ्रॉम होम मिळालंच नाही कारण टॉयलेट घरून साफ करून घेता येत नाही.

सुरुवात २० मार्च २०२० ला झाली. शुक्रवार होता. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की मुंबई महानगर भागातली ऑफिसं ३१ मार्चपर्यंत बंद. त्याआधीच्या आठवड्यात आमचं लॅपटॉप वाटप चालू होतं, आमचा पार्क सेझमध्ये, विशेष आर्थिक क्षेत्रात येतो म्हणजे मशीन गेटबाहेर काढायचं तर प्रत्येकाचा कागद लागतो, सीरियल नंबर, सही, शिक्का, माझी बोटं दुखायला लागली होती. पण मुद्दा काय, सगळ्यांना वाटलं दहा-अकरा दिवसांचा प्रश्न आहे. म्हणून कोणीच खण रिकामा केला नाही. कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, बाय दादा, भेटू एक तारखेला.

एक तारखेला कोण भेटणार होतं. मी आणि सिक्युरिटीचे दोघं.

मी कळव्याला राहतो. एरवी कळवा ते ऐरोली म्हणजे आधी उलटं ठाण्याला जा, मग नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडा, कळवा-ऐरोली थेट मार्ग होणार होणार ऐकतोय तो होईल तेव्हा होईल. लोकल बंद झाल्यावर बाईक काढली. विटाव्यापर्यंत ठाणे महापालिका, दिघ्यापासून नवी मुंबई महापालिका, दोन्हीकडे नाकाबंदी, दोन्हीकडे तोच पास, तोच प्रश्न, "आयटीवाले ना, मग घरून का नाही करत?" रोज उत्तर द्यायचं, साहेब मी आयटीतला आयटीवाला नाही.

बंद ऑफिस म्हणजे काय हे बहुतेकांना माहीतच नाही. वाटतं लाईट बंद केले, शटर ओढलं, झालं. पण बाथरूमच्या जाळीखाली जो वाकडा पाइप असतो त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, त्या पाण्यामुळेच गटाराचा वास वर येत नाही. कोणी नळ उघडला नाही तर दोन-तीन आठवड्यांत ते पाणी सुकतं आणि मग वास आणि झुरळं सगळं वर. मग मी दर सोमवारी बादली घेऊन सगळ्या टॉयलेटांत फिरायचो, प्रत्येक जाळीत एक एक मग पाणी. नळही पाच पाच मिनिटं सोडायचे कारण टाकीतलं साचलेलं पाणी खराब होतं. पावसाळ्यात तर कार्पेट ओला वास मारायला लागलं, काळ्या रेक्झिनच्या खुर्च्यांवर पांढरी बुरशी. माणूस एकही नाही आणि एसी चालू, का तर बुरशी येऊ नये म्हणून. जूनमध्ये ऑफिसांसाठी केंद्राची नियमावली आली त्यात एसी २४ ते ३० डिग्रीमध्ये ठेवा असं लिहिलेलं, मी एकटाच मोठ्याने हसलो. सात वर्षं त्या फ्लोअरवर २२ का २४ यावरून भांडणं लावली लोकांनी, मधल्या ओळीतल्या मॅडम बारा महिने शाल घेऊन बसायच्या आणि खिडकीकडचे कपाळाचा घाम पुसायचे. शेवटी निकाल दिल्लीतून लागला, तोही ऐकायला कोणी नसताना.

मेच्या शेवटी वास यायला लागला. हा पाइपाचा नव्हता. उंदीर होते आणि ते कुठल्या तरी खणातल्या खाऊसाठी येत होते. एचआरला कळवलं, तर म्हणे सगळ्यांना मेल करतो, मग मास्टर चावीने उघडा, दोन साक्षीदार ठेवा, व्हिडिओ काढा. तर मी, सिक्युरिटीचे काका आणि हाउसकीपिंगच्या मावशी असे तिघं. मावशी दिघ्याच्या, त्याही रोज चालत यायच्या. चार दिवस लागले.

खाण्याचं तर होतंच, खाकरे, चिवडा, लोणच्याची बाटली, एका खणात केळी होती म्हणजे केळी होती असं आपण समजायचं. पण त्याशिवाय जे निघालं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. एमपीएससीची पुस्तकं, आतमध्ये पेन्सिलीने खुणा, आणि तो मुलगा आमच्याकडचा चांगला टीम लीड आहे. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं, एका अशा माणसाच्या खणात ज्याच्या वाढदिवसाचा केक दरवर्षी मीच आणतो आणि तो दरवर्षी दोन तुकडे खातो. एका प्लास्टिकच्या पिशवीत घुंगरू. पतपेढीची पासबुकं. बऱ्याच जणींच्या खणात स्लिपर, ते ठीक आहे, पण एकीच्या खणात एक कोरा करकरीत ड्रेस, टॅग तसाच. मावशींनी तो हातात घेतला, परत घडी घातली आणि म्हणाल्या, "घरी दाखवायचा नसंल हो. आसू दे."

मी तेव्हा व्हिडिओ बंद केला. एचआरला सांगितलं बॅटरी संपली.

तर माझं म्हणणं असं आहे. ज्या ऑफिसात डोंबिवली, दिवा, कळवा, कोपरखैरणे, बदलापूर इथून माणसं येतात तिथे त्या खणाचा अर्थ काय होता हे कॉन्फरन्स कॉलवर कोणीच बोललं नाही. वन बीएचकेत आई-बाबा, बायको, दोन मुलं, कपाटाचा एक कप्पा तुमचा म्हणायचा पण त्यात मुलाचे रंग आणि बाबांच्या फायली. आख्ख्या जगात स्वतःच्या चावीने बंद होणारी जागा एकच, ती ऐरोलीला डेस्कखाली. वर्क फ्रॉम होममध्ये लॅपटॉप घरी गेला, खुर्चीही गेली, खण नाही गेला.

खुर्च्यांचंही सांगतो. ऑगस्टमध्ये लोकांच्या पाठी दुखायला लागल्या तेव्हा कंपनीने ठरवलं की ज्याला हवी त्याला ऑफिसची खुर्ची घरपोच. टेम्पोबरोबर मी स्वतः फिरलो. घोडबंदरच्या बाजूला टॉवरमध्ये लिफ्टने खुर्ची गेली, स्टडी रूममध्ये ठेवली, साहेबांनी पाणी विचारलं, दोन मिनिटांत काम झालं. खारेगावात चौथ्या मजल्यावर लिफ्ट नव्हती, खुर्ची जिन्यातून फिरत नव्हती म्हणून चाकं काढली, वर नेली, तर ठेवायला जागा नाही. तो बिचारा बाल्कनीला ग्रील लावून केलेल्या जागेत वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून उभा राहून काम करत होता, मशीन लागली की कॉल म्यूट. खुर्ची हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवली. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत खुर्ची परत घ्यायला गेलो तर त्याची आई तिच्यावर बसलेली, म्हणाल्या, "हिच्यामुळे माझे गुडघे सुटले, नेताय का?" मी फॉर्मवर लिहिलं, हँडल तुटलंय, परत आणण्यालायक नाही. बघू ऑडिटमध्ये काय होतं.

म्हणून मला कोणी म्हटलं घरून काम चांगलं का ऑफिसातून, तर मी विचारतो तुमच्या घरात आतून कडी लागेल अशी दारं किती, बाथरूम सोडून. मोठमोठ्या मेल लिहिणाऱ्या दोन्ही पार्ट्यांकडे तीन-तीन दारं आहेत हे मी स्वतः खुर्ची पोचवून बघितलंय.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचे लाईट गेले. कळवा-पडघा विजेच्या लाईनचा घोटाळा होता, लोकल होत्या तिथेच उभ्या. आमच्या ऑफिसचा डिझेल जनरेटर अर्ध्या मिनिटात चालू झाला आणि पुढच्या दहा मिनिटांत माझ्या फोनला आग लागली. दादा डीजी चालू आहे का, दादा नेट आहे का, दादा येऊ का. त्यावेळी ऑफिसात मोजकीच माणसं बसवायची परवानगी होती, तरी बाईकवाले चौदा-पंधरा जण आले, ऐरोली, रबाळे, घणसोली, दोघं कळव्याचे. सहा महिन्यांनी पहिल्यांदा फ्लोअरवर आवाज झाला. टेम्परेचर गन कपाळाला लावून आत सोडलं आणि मला वाटलं आता सगळे चार्जर शोधत धावतील. धावले, पण त्याआधी जवळपास प्रत्येक जण आपापल्या डेस्कपाशी गेला, वाकला आणि खण ओढून बघितला. ती घुंगरूवाली पण आली होती. तिने खालचा खण उघडला, आत हात घालून चाचपलं, परत बंद केला. नेलं काहीच नाही. चार वाजता गेली, चावी परत पर्समध्ये.

२०२१ च्या एप्रिल-मेबद्दल मी फार लिहिणार नाही. दोन पेडेस्टल्सच्या चाव्या घरच्यांनी आणून दिल्या, एवढंच.

मग १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना लोकल सुरू झाली, एचआरने सर्टिफिकेटं गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात घातलं, दिवाळीनंतर बोलावू म्हणेपर्यंत ओमायक्रॉन आला, जानेवारी गेला. शेवटी आता एप्रिलमध्ये आठवड्याचे तीन दिवस ऑफिस असं ठरलं. आणि त्याबरोबर हॉट डेस्क. म्हणजे तुमची अशी सीट नाही, अ‍ॅपवर बुक करा, मिळेल तिथे बसा, उठताना टेबल मोकळं. तीन दिवसच यायचं तर सीट कशाला हव्यात सगळ्यांना, भाडं वाचतं, गणित बरोबर आहे, मी स्वतःच एक्सेलमध्ये मांडून दिलं होतं. फक्त त्या एक्सेलमध्ये शेवटच्या ओळीत "पेडेस्टल – डिस्पोजल" असं लिहिताना मला कळलं नाही मी काय लिहितोय. पँट्रीजवळ लॉकर दिलेत, पण दिवसापुरते. संध्याकाळी रिकामा करायचा, नाहीतर सिक्युरिटी करते.

सगळ्यांना मेल गेली की आठ दिवसांत सामान न्या. बहुतेक जण आले, पिशव्या भरून घेऊन गेले. एमपीएससीवाला पुस्तकं टाकून गेला, म्हणाला वय गेलं आता. नोकरी सोडून गेलेल्यांचं सामान राहिलं. काही जण तर लॉकडाऊनमध्ये घरूनच जॉइन झाले आणि घरूनच सोडून गेले, त्यांचा खणच नव्हता, ते एक बरं.

एक स्टीलचा डबा राहिला. दोन पुडांचा, कडीचा, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरात नाव घातलेलं आणि खाली साल, १९८९. आतली भाजी आम्ही २०२० मध्येच टाकली होती, डबा मावशींनी घासून ठेवला होता. ती मुलगी टेस्टिंगला, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली, अजून आमच्याकडेच आहे. फोन केला तर म्हणाली, "दादा, आजीचा आहे तो! मी घरी सांगितलंय हरवला म्हणून, आईने महिनाभर डोकं खाल्लं माझं. सोळा तारखेला येतेय मी, तोवर ठेवा ना."

घरी घेऊन आलो. बायकोने बघितला आणि पहिला प्रश्न, "रिकामाच देणार आहात परत?" मी म्हटलं अगं ऑफिसचं सामान आहे, सही घेऊन द्यायचंय. ती काही ऐकायला तयार नाही. शुक्रवारी रात्री खालच्या पुडात बेसनाचे लाडू, वरच्यात पातळ पोह्यांचा चिवडा.

सोळाला ती आली. डबा हातात घेतला, जड लागला म्हणून माझ्याकडे बघितलं, उघडला आणि तिथेच पँट्रीत चौघीजणी उभ्या राहून लाडू संपले. संध्याकाळी निघताना धुतलेला डबा घेऊन परत माझ्या टेबलाशी.

"घेऊन जा की कोल्हापूरला," मी म्हटलं.

"नेणार आहे हो. पण महिन्यातून चार दिवस यायचंय ना मला, इथे एक डबा लागतोच." मग आवाज खाली आणून, "आणि ही पिशवी पण. दादा, तुमच्याकडे आहे ना कुठेतरी जागा?"

भंगारवाल्याच्या टेम्पोत एक पेडेस्टल कमी गेलं होतं. माझ्या डेस्कखाली आहे, फाइल्ससाठी असं रजिस्टरला लिहिलंय. तिने पिशवी दिली तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं, मी विचारलं नाही. वरच्या दोन खणांत आधीच तिघांचं सामान आहे, त्यामुळे डबा खालच्या मोठ्या खणात गेला, पिशवी त्याच्या मागे.