पाळीबदलाची वही : कामावरचा ताण कमी करताना आलेला अनुभव

आम्ही कामगारांना कामावरच्या ताणाबद्दल विचारायला बसलो तेव्हा प्रश्न एकच ठेवला : काल काम नेमकं कुठे अडलं? 'ताण आहे का?' म्हटलं की माणूस आखडतो, अडलेल्या कामाबद्दल मात्र भरभरून बोलतो.

बोलायला बसणारा गट 6 ते 8 जणांचा, एकाच विभागातला, प्रत्येक पाळीतला निदान एक धरून. दर पंधरवड्याला दीड तास, तोही कामाच्या वेळेतच. सुटी झाल्यावर थांबवलं तर लोक घड्याळ बघत बसतात. बैठक चालवणारा दुसऱ्या विभागातला घ्यावा. पहिल्या दोन बैठकांना साहेब नकोत. ते समोर असले की तक्रारी पंख्याच्या आवाजाच्या पुढे जात नाहीत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कामावरचा ताण टाळण्यासाठीची 2012 सालची 50 मुद्द्यांची तपासणी-यादी इथे उपयोगी पडते. ती अख्खी भरत बसू नये, गटाने तीनच मुद्दे निवडावेत. आमच्याकडे पाळीबदल वर आला. नवी पाळी येईपर्यंत जुनी निघून गेलेली असायची. कोणतं यंत्र कमी वेगावर ठेवलंय, कोणता माल पुन्हा तपासायचाय, हे शोधण्यात अर्धा तास जायचा आणि चुकीची बोलणी नव्या पाळीला बसायची. गटाने दोन पाळ्यांत 10 मिनिटं सामाईक ठेवली आणि यंत्राशेजारी दोरीने वही बांधली. रकाने तीन : काय चालू आहे, काय अडलंय, कोणाला सांगितलंय. दोन आठवड्यांतच नोंदी आटल्या, कारण वाचणारं कोणी दिसत नव्हतं. पर्यवेक्षक रोज सहीसह उत्तर लिहू लागले तेव्हा वही पुन्हा भरायला लागली. त्या 10 मिनिटांचा पगार द्यायचाच, त्यात घासाघीस नको.

कामावरच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं होतं की कामाचा बोजा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, तिथे ताण सर्वाधिक. म्हणून ज्यांनी उपाय सुचवला त्यांनाच तो आधी करून पाहू द्यावा.

सगळं फिसकटतं ते उत्तर न मिळाल्याने. प्रत्येक सूचनेला 14 दिवसांत होय, नाही किंवा कधीपर्यंत, हे फळ्यावर लिहावं. नकाराचं कारण दिलं तर लोक समजून घेतात.

निनावी प्रश्नावली घेतलीत तर 10 हून लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नका, पाळीवरून माणूस ओळखू येतो. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि रजा, जादा तास यांच्याशी ताडून बघा. सुरुवातीला तक्रारी वाढतील. म्हणजे लोक बोलू लागलेत; बैठका थांबवू नका.